रात्रीची पाळी



सोलेंटमधून शिडाच्या छोट्या होडीने फ्रान्सच्या शेरबुर्गला जायचे, तर सुमारे 60 सागरी मैल, बारा-चौदा तास लागतात. रात्री पाळ्या लावतात. एक जण सुकाणूवर जागा, बाकीचे खाली निर्धास्त झोपलेले.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पाळीला उजवीकडे एका मालवाहू जहाजाचा लाल दिवा दिसला. तो जागचा हलत नव्हता. मला वाटले, काळजीचे कारण नाही. अनुभवी सोबत्याने होकायंत्र धरून पाहिले आणि लगेच होडी वळवायला लावली. म्हणाला, "जवळ येणाऱ्या दिव्याची दिशा बदलत नसेल, तर टक्कर ठरलेली."

आपल्या घरात असे दिवे किती आहेत? शुक्रवारचा तो 'एकच' ग्लास. भावाशी धरलेला अबोला. मुलांना 'उद्या बोलू' म्हणणे. वर्षानुवर्षे हलत नाहीत, म्हणूनच ते निरुपद्रवी वाटतात.

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा होता. धम्मपदही सांगते, रात्रीच्या तीन प्रहरांपैकी निदान एक तरी जागे राहा. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात 22 प्रतिज्ञा दिल्या, त्या वर्षातून एकदा म्हणण्यासाठी नव्हे. रोज दिशा तपासण्यासाठी.

आज झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा. एक न हलणारा दिवा ओळखा आणि उद्या सुकाणू वळवा. खाली आपली मुले आपल्या भरवशावर झोपली आहेत.

भवतु सब्ब मंगलं.