अस्तेय आणि जुनी नोट

रोहण्यासारख्या कापसाच्या मुलखात, जेथे हंगामाला हाती आलेला पैसा लोखंडी पेटीच्या तळाशी जाऊन बसे, एखाद्या जुन्या घरात गांधी-शताब्दीची शंभराची नोट अजूनही निघणे अशक्य नाही. २ ऑक्टोबर १९६९ रोजी निघालेल्या या मालिकेत महात्माजी बसलेले असून मागे आपल्याच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रम दिसतो. संग्राहकाची दृष्टी मात्र त्या मूर्तीवर न थांबता सहीवर जाते. कारण तेथे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर लक्ष्मीकांत झा यांच्याऐवजी, ४ मे ते १५ जून १९७० एवढाच काळ त्या पदावर असलेल्या आडारकरांची सही असेल, तर नोटेचा भाव पुष्कळ चढतो. मग घडी, टाचणीची छिद्रे आणि कागदाचा करकरीतपणा पाहिला जातो.

अमेरिकेतही १८६३ ते १९३५ या काळात गावोगावच्या बँका सरकारी सनदेने आपापल्या नावाच्या नोटा काढीत. त्यांचा पारखी आधी गाव आणि सनदेचा क्रमांक वाचतो, आणि ज्या खेड्यातल्या नोटा थोड्याच वाचल्या, तेथील पाच डॉलर महानगरातील वीस डॉलरांना अनेकदा मागे टाकतात. आपल्याकडे जानेवारी १९७८ च्या वटहुकुमाने हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा रद्दबातल झाल्या. सरकारचे वचन संपले, तरी त्याच कागदाला आज संग्राहक दर्शनी रकमेच्या कितीतरी पट मोजतात.

मोल वस्तूत नसून नामरूपात आहे, असे म्हणून वेदान्ती मोकळा होईल. पण कर्ज फेडण्यासाठी तीच नोट मोडणाऱ्या शेतकऱ्याला ती मिथ्या कशी वाटावी? विनोबांनी १९५० साली पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभून पैशाचा व्यवहारच वर्ज्य केला. तो मार्ग थोरांचा, आणि खरे सांगायचे तर थोड्यांचा. अशी नोट जपणे हा परिग्रह आहे काय, हा प्रश्न मला गौण वाटतो. गांधीजींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत अपरिग्रहाबरोबर अस्तेयही आहे, आणि खरी अडचण तेथे येते: सही ओळखणाऱ्या जाणत्याने, ती न ओळखणाऱ्या म्हातारीकडून ही नोट शंभरालाच घेतली, तर तो व्यापार की चोरी? सौदा राजीखुशीचा, पावती रीतसर, कायद्याची हरकत नाही. तरीही गप्प राहून मिळवलेला तो नफा माझ्या मते चोरीचाच आहे, आणि नोटेवर गांधीजींचे चित्र असल्याने तो अधिक लाजिरवाणा होतो.

तेव्हा पेटीत अशी नोट निघाल्यास ती धुऊ नये, तिला इस्त्री फिरवू नये, आणि विकण्यापूर्वी सही कोणाची ते जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे.