भुकेचा दोष कुणाच्या माथी?

वजन वाढलेल्या माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे ओळखही लागत नाही. त्यामागचं गृहीतक ठरलेलं असतं: याचा जिभेवर ताबा नाही. (हा दोष बारीक माणसांनाच जास्त दिसतो, ते वेगळं.) हे गृहीतक तपासायचं तर १९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या दोन मुलांच्या नोंदी पाहाव्यात. मुलं पाकिस्तानी वंशाच्या एकाच कुटुंबातली. एक आठ वर्षांची मुलगी, वजन ८६ किलो. दुसरं मूल दोन वर्षांचं, २९ किलो. भूक अशी की कितीही खाल्लं तरी शमत नसे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, आणि शरीरात साठा किती आहे हे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला त्यावरून कळतं. जनुकातल्या दोषामुळे या मुलांत लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. एवढ्या चरबीच्या देहातला मेंदू उपासमार चालू आहे असंच धरून बसला होता. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली. खाणं आपोआप कमी झालं आणि वर्षभरात सुमारे १६ किलो वजन उतरलं. मग त्या वर्षात तिचा संयम वाढला म्हणायचं का? नसेल, तर आधी तो कमी होता हे तरी कशावरून?

कुणी म्हणेल, असा दोष फार विरळा. त्यावरून घरोघरच्या लठ्ठपणाबद्दल काय बोलणार? आक्षेप रास्त आहे. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याला पुरेशी दाद देत नाही. शिवाय दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते ताट. पण त्याच बाजारातून आणलेलं, त्याच घरात शिजलेलं खाऊन एकाचं वजन वाढतं आणि दुसऱ्याचं नाही. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांची वजनंही बरीच मिळतीजुळती निघतात. तेव्हा ज्याला आपण संयमी म्हणतो, त्याला कदाचित मुळात तितकी भूकच लागत नसेल. संयमाच्या त्या श्रेयाबद्दल मला शंका आहे.

दुसरा आक्षेप, दोष माणसाचा नाही म्हणणं ही पळवाट आहे. उलट दोष देण्याची किंमत बघा. ब्रिटनमध्ये अतिलठ्ठ मुलांपैकी काहींची नावं समाजकल्याण खात्याने धोक्यातल्या मुलांच्या यादीत घातली होती, कारण आईबाप मुद्दाम खाऊ घालतात असा समज. २००९ साली त्या मुलांच्या सोळाव्या गुणसूत्राचा तुकडाच गायब असल्याचं केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं, आणि नावं यादीतून निघाली. कारण मेंदूत आहे म्हटल्यावर पथ्य संपतं, असंही नाही. प्राडर-विली या विकारात मुलाला न शमणारी भूक लागते. तिथे डॉक्टरच फ्रिजला आणि कपाटांना कुलूप लावायला सांगतात. मुलाकडून निग्रहाची शपथ कुणी घेत नाही. कुलूप उघडं राहिलंच, तर विचारणा होते ती किल्ली सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाकडे.