दोन हिरव्या छटा आणि एक मत

घर रंगवायला काढले की फिकट हिरव्या रंगापाशी घोडे अडतेच. शेडकार्डावर दोन छटा शेजारी असतात : एक पिस्तई, किंचित पिवळ्याकडे झुकलेली, दुसरीला निळसर झाक. रंगारी भिंतीवर दोन्हींचे हातभर पट्टे मारून जातो आणि आम्ही सारे त्यांच्यासमोर उभे राहून त्यांतला ‘खरा’ हिरवा शोधू लागतो.

अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार सांगितले, हिरवा त्यांत एकच. रूप हा द्रव्याचा गुण, म्हणजे कोणी पाहो न पाहो, रंग भिंतीतच आहे. हे मत आम्हांला मनापासून आवडते. पण संध्याकाळी पिवळा दिवा लागला की ते डळमळते. त्या प्रकाशात निळा अंश थोडा, त्यामुळे निळसर छटेचे निळेपण दबते आणि सकाळी उत्तरेच्या उजेडात वेगळे दिसलेले पट्टे एकमेकांच्या जवळ येतात. चुन्याचा ओला हात गडद दिसतो व वाळला की फिका पडतो, हे इंदूर-बडोद्याकडच्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना सांगायला नकोच.

उजेडाचे एक वेळ असो; डोळ्यांचे काय? वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, मोतीबिंदूत तर अधिकच, आणि निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यावर १९२३ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर सारे फार निळे दिसते, अशी त्यांची तक्रार होती. मग प्रमाण कोणता डोळा मानावा, आधीचा की नंतरचा?

घरातल्या आजींना दोन्ही पट्टे सारखेच दिसतात आणि त्या तसे सरळ सांगतात. लगेच कोणीतरी म्हणते, “मग तुम्हांला कोणताही चालेल.” ही उडी आम्हांला अन्यायाची वाटते. फरक न दिसणे निराळे आणि मत नसणे निराळे. त्या खोलीत दिवसाचे सर्वाधिक तास त्याच काढणार. दोहोंतून एक निवडणे त्यांना जमत नसेल. पण त्यांना जो एक रंग दिसतो तो हवा की नको, हे त्यांच्यावाचून कोण सांगणार? कदाचित हिरवा त्यांना नकोच असेल. कार्डावर मोतिया आहे, बदामी आहे. ती पानेही त्यांच्यापुढे उघडायला हवीत, आणि तीही दिवसाउजेडी, त्यांच्या खिडकीपाशी.