पैसेवारी ऐकत वाढलेली मुलं

मध्य, मध्यक, बहुलक ही नावं फळ्यावर आली की धाराशिव, कळंब किंवा उमरग्याच्या वर्गातली पुष्कळ मुलं आधीच हरल्यासारखी बसतात. हे गणित आहे आणि गणित आपल्याला जमत नाही, असा निकाल त्यांनी दहावीच्या बीजगणितातच देऊन टाकलेला असतो. वर्गाबाहेर मात्र हीच मुलं सांख्यिकीत वाढलेली असतात. नजर पैसेवारी (पिकाचा पैशांत सांगितलेला सरकारी अंदाज) किती लागली, अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत येईल का, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस किती पडला आणि आपल्या शिवारात किती, विम्याचं उंबरठा उत्पन्न किती धरलं, हे सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं असतं. आपल्याला सांख्यिकीतलं काही येतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कँडेस शाऊ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सांख्यिकीविषयीची वृत्ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. विषय आवडतो का, आपल्याला जमेल का, त्याचा उपयोग आहे का, तो अवघड वाटतो का, अशी तिची चार अंगं होती. आपल्या धाराशिव जिल्ह्यासाठी मी त्यात पाचवं अंग घालीन: आकड्यावर भरवसा आहे का? इथल्या घरांत आकडा म्हणजे वरून आलेला निर्णय. त्यावर पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत. म्हणून मुलांच्या मनात भीतीच्या जोडीला संशयही असतो, आणि शिक्षकाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. भीतीपोटी मूल सूत्र पाठ करतं. संशय आला की ते विचारतं, हा आकडा काढला कसा?

मग काढूनच दाखवावा. समजा एका मंडळात सोयाबीनचं हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत १४००, १२००, ३००, १३००, ६००, ११०० आणि १५०० किलो आलं. साधा मध्य सुमारे १०५७, मध्यक १२००. पीक विम्यात यातली सर्वांत चांगली पाच वर्षं घेतात, त्यांची सरासरी १३००. जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीच्या किती टक्क्यांची हमी, ७० टक्के असेल तर उंबरठा उत्पन्न ९१०. यंदा मंडळाची सरासरी ८०० आली, तर भरपाई उंबरठ्याखालच्या तुटीच्या प्रमाणात, म्हणजे विमा रकमेच्या सुमारे १२ टक्के. ज्याच्या रानात ३०० किलोच निघाले त्यालाही १२ टक्केच. सरासरी माणसाला कुठे दिसेनासं करते, हे इथे कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर कळतं.

आधीचं ज्ञान आडवंही येतं. 'मोजक्या शेतांतल्या पीक कापणीवरून अख्ख्या मंडळाचं काय कळणार?' हा आक्षेप पारावर पक्का बसलेला आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. बालाघाटाच्या माथ्यावरचं मुरमाड रान आणि तेरणाकाठची काळी जमीन एका आचेवर शिजत नाहीत. म्हणून शेतं किती निवडली याइतकंच ती कशी निवडली हेही महत्त्वाचं ठरतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत यादृच्छिक नमुन्याच्या पीक कापणीसाठी झटले, ते नजरेच्या अंदाजावरचं अवलंबित्व सुटावं म्हणून. ही गोष्ट ऐकल्यावर मुलाच्या संशयाला नेमकेपणा येतो. शेत चिठ्ठीने निघालं की सोयीने? कापणीच्या वेळी कोण हजर होतं? नमुन्यातला अटळ फरक आणि मोजणाऱ्याने केलेली लबाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला उमगतं. ते उमगलं नाही तर तोच संशय 'सगळे आकडे खोटे' या आळसात विरतो. भीतीइतकाच तोही शिकणं थांबवतो.

एवढ्याने सगळं साधतं असं नाही. बारावीपर्यंत आलेल्या काहींची शेकडेवारी कच्ची असते, दशांश चिन्ह कुठे द्यायचं तिथे अडतं. गावच्या अनुभवाने ती उणीव भरत नाही आणि विषयाची गोडी लावूनही नाही. त्यासाठी सरावाचे तास द्यावे लागतात, मुलाला न लाजवता, आणि तेही सूत्र फळ्यावर येण्याआधी.