वही जाळणे पाप का?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वहीखात्याला हळदकुंकू वाहतो. घेतलेले देणे फेडावे, ही शिकवण त्या पूजेत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते ओढून काढून पेटवली. हा धडा आला की वर्गात एखादा मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, मग ते शेतकरी लबाड होते का?"

याचे उत्तर द्यायचे तर ते कर्ज झाले कसे, हे पाहिले पाहिजे. १८१८ साली मुलूख कंपनीने लढाईत जिंकला. दुसऱ्या बाजीरावाच्या मक्तेदारांनी रयत आधीच नागवली होती; तेव्हा रामराज्य बुडाले, असे मी म्हणत नाही. पण पुढे प्रिंगलसाहेबाने निव्वळ उत्पन्नात शेकडा ५५ वाटा सरकारचा ठरवला. वसुलीसाठी छळ झाला, माणसे गावे टाकून पळाली. १८३६ पासून इंदापुराकडे सारा उतरला खरा. परंतु पाऊस पडो न पडो, तो रोख भरावा लागे. रोकड होती सावकारापाशी.

सावकार पूर्वीही होता. मात्र त्याला गावाची भीड होती. आता त्याच्या पाठीशी दिवाणी कोर्ट उभे राहिले. १८५९ च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू कुळाच्या रक्षणाचा, घडले उलटेच. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत होई आणि निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी. अमेरिकेतील यादवीत, १८६१ ते ६५, कापूस महागला तेव्हा कर्ज सढळ मिळाले. भाव पडताच सावकाराने हात आखडला. त्याच सुमारास फेरआकारणीत सारा वाढला.

लग्नकार्यातील उधळपट्टीने कुणबी बुडाला, असे आजही ऐकू येते. दंग्याच्या चौकशीला नेमलेल्या कमिशनलाही हे कारण पुरेसे वाटले नव्हते.

रक्त सांडले तरच हिंसा झाली, असे आपण समजतो. तलवारीने घेतलेल्या मुलखात पुढे बेलिफाचा कागद तेच काम मुकाट्याने करीत होता. उलट दंगेखोरांनी बहुतेक ठिकाणी खते मागितली आणि ती मिळताच ते परतले. १८७९ च्या कायद्याने तर कोर्टालाच सांगितले, की कर्जाचा व्यवहार मुळापासून तपासा.

मी मुलांना एवढेच सांगतो: देणे बुडवू नये, पण गरिबाला देणेकरी म्हणण्याआधी त्याच्या खात्याचे पहिले पान उघडून पाहावे.