वजनकाटा, इन्शुलीन आणि एकादशी

बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या मच्छे गावात एकादशी आणि कारखान्याची शिफ्ट अनेकदा एकाच दिवशी येतात. औद्योगिक वसाहतीतले काम उपवासाला सवलत देत नाही आणि वारकरी घरातला उपवास कामासाठी सुटत नाही. त्यात मधुमेह असलेल्या माणसाला इन्शुलीन सुरू झाले आणि काही महिन्यांत वजन वाढू लागले, की मनात अपराधाची भावना घर करते. खाण्यावरचा ताबा सुटला असे त्याला वाटते, घरचेही तसेच सुचवतात. मग एकादशीला जोडून आणखी उपवास धरले जातात, कधी इंजेक्शन गुपचूप टाळले जाते. औषधाचा डोस डॉक्टर ठरवतील, पण हा अपराधभाव रास्त आहे का, हा प्रश्न धर्माचा आहे. वजनाच्या आकड्यावरून कोणाचा संयम जोखणे मला चुकीचे वाटते, आणि आपल्या परंपरेलाही ते मान्य होईल असे वाटत नाही.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. साखर बेसुमार वाढलेली असते तेव्हा तिचा मोठा भाग लघवीवाटे वाहून जातो. खाल्लेले अंगी लागत नाही आणि माणूस वाळत जातो. इन्शुलीनने ही गळती थांबते. जेवण तेवढेच असले तरी आता ते अंगी लागते. शिवाय शुगर लो होऊन हात थरथरू लागले की काहीतरी गोड खावेच लागते, तेही अंगावर चढते. ब्रिटनमधल्या मधुमेहावरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 10 वर्षांत इन्शुलीन घेणाऱ्यांचे वजन मुख्यतः आहारावर ठेवलेल्यांपेक्षा सुमारे 4 किलो जास्त वाढले होते. पण साखर काटेकोर राखलेल्यांत डोळे-मूत्रपिंडांसारख्या अवयवांची, सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित गुंतागुंत सुमारे 25 टक्क्यांनी कमी होती. म्हणजे या वाढीचा निदान काही भाग उपचार लागू पडल्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण चरबी एकाच्या अंगात 21.2 टक्के आणि दुसऱ्याच्या 9.1 टक्के. ज्या आकड्याला अंगातली चरबीसुद्धा नीट सांगता येत नाही, त्याच्याकडून मनाच्या निग्रहाची साक्ष काढणे अन्यायाचे आहे.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा येतो: उपवासाने शरीर शुद्ध होते, पिढ्यान्‌पिढ्या लोक तो करत आले. उपवासाची थोरवी मी नाकारत नाही. पण चरकसंहितेने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचे, रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत, स्थूल व बलवान एक आणि कृश व दुर्बल दुसरा. दुसऱ्याला लंघन न देता पोषण द्यावे, असा तिथला निर्णय आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याबरोबरच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी आहार-विहाराच्या त्या मापाचे सविस्तर विवरण केले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात तर व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींमध्ये औषधाची स्पष्ट गणना आहे. तेव्हा इंजेक्शन चुकवून राखलेली एकादशी शास्त्राच्या कसोटीलाही उतरत नाही. टाइप 1 मधुमेहात तर इन्शुलीन तोडले की रक्तात आम्ल साचून जीव जाऊ शकतो. पूर्ण डोस घेऊन पोट रिकामे ठेवणे तितकेच घातक. आणि फराळ करावा, तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीने साखर झपाट्याने चढते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष नाही म्हटले की माणूस बेफिकीर होईल. मला उलटे दिसते. लाजेपोटी माणूस डॉक्टरांपासून डोस चुकवल्याचे लपवतो, आणि लपवलेल्या गोष्टीवर इलाज होत नाही. दोष नसला तरी जबाबदारी उरतेच: जेवणाच्या मापाशी डोस जुळवणे, रोज चालणे, लो होण्याच्या वेळा टिपून डॉक्टरांना दाखवणे. टाइप 2 असेल तर इन्शुलीनबरोबर मेटफॉर्मिन देऊन वजनवाढ काहीशी आवरता येते. मार्च 2025 पासून भारतात मिळणारे टिर्झेपाटाइड हे औषध वजन पुष्कळ उतरवते. त्याची किंमत मात्र कामगाराच्या पगाराला झेपणारी नाही. अशा औषधाने उतरलेले वजन हा उसना संयम, असेही म्हणणारे आहेत. चष्म्याने वाचलेल्या पोथीचे पुण्य आपण उसने मानत नाही. भूक हीसुद्धा शरीरातल्या संप्रेरकांवर चालते. ती ताळ्यावर आणायला औषध घेतल्याने कोणाच्या साधनेला उणेपणा येत नाही. गावोगावच्या कीर्तनकारांचा शब्द अशा घरांत डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकाच चालतो. आषाढीच्या पंधरवडाभर आधी त्यांनी इन्शुलीन घेणाऱ्यांना उपवासाचा आणि डोसाचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगावे, आणि औषधाने व्रत मोडत नाही हा महाभारताचा दाखला त्याच कीर्तनात द्यावा.