समूहाचे सातत्य: मार्शल विद्यापीठाचा फुटबॉल संघ

समूहातील जवळजवळ सर्व माणसे एकाच वेळी नाहीशी झाल्यावर त्याच नावाने उभा राहिलेला समूह पूर्वीचाच मानावा की नवा, या प्रश्नाची चर्चा भारतीय दर्शनांत रथ, वस्त्र आणि दिव्याची ज्योत यांच्या आधारे झाली आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन येथील मार्शल विद्यापीठापुढे मात्र तो जिवंत माणसांच्या संदर्भात उभा ठाकला. १४ नोव्हेंबर १९७० रोजी विद्यापीठाचा फुटबॉल संघ (येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा व फेकण्याचा अमेरिकी खेळ) ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाकडून १७-१४ असा पराभूत होऊन परतत असताना त्याचे विमान धावपट्टीच्या अलीकडील टेकडीवर कोसळले आणि ३७ खेळाडूंसह सर्व ७५ जण मृत्युमुखी पडले.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला दाखवून देतो की चाके, आस, दांडी यांपैकी काहीही रथ नव्हे आणि त्यांच्यावेगळाही रथ नाही. ‘रथ’ ही केवळ प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारापुरते दिलेले नाव आहे. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून निराळा असा ‘अवयवी’, म्हणजे संपूर्ण पदार्थ, खरोखर अस्तित्वात असतो. पण सेना किंवा वन यांना तेही अवयवी मानत नाहीत, कारण तेथे अनेकांवर एकत्वाचा आरोप केलेला असतो. संघ हा सेनेच्याच जातीचा असल्यामुळे या एका मुद्द्यापुरते दोन्ही प्रतिपक्ष एकत्र येतात आणि मार्शलचा संघ त्या रात्री संपला, असाच निष्कर्ष हाती येतो.

हा निष्कर्ष तर्काला धरून असला तरी अपुरा आहे. सहा खेळाडूंच्या मृतदेहांची ओळख पटू शकली नाही आणि त्यांना हंटिंग्टनच्या स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरण्यात आले. कोणत्या थडग्यात कोण आहे हे सांगता येत नव्हते. तेथे मार्शलचे खेळाडू आहेत एवढे मात्र निश्चित होते. व्यक्तीचे नाव जेथे देहाला जोडता आले नाही तेथे समूहाचे नाव जोडता आले, आणि ज्याला केवळ व्यवहारापुरते म्हणावे तेच नाव त्या मृतांविषयीचे सर्वांत भरवशाचे ज्ञान ठरले. समूहाला निव्वळ कल्पना ठरवणाऱ्या कोणत्याही मताला या सहा थडग्यांचा विचार करावाच लागेल.

संघ बंद करावा असाही विचार तेव्हा पुढे आला होता. विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे तो मागे पडला. नवे प्रशिक्षक जॅक लेंग्येल यांच्याकडे दुखापतीसारख्या कारणांमुळे प्रवासाला न गेलेले मोजके खेळाडू, अन्य खेळांतून आलेले विद्यार्थी आणि विशेष परवानगीने मुख्य संघात घेतलेले प्रथम वर्षाचे विद्यार्थी असे तोकडे बळ होते. २५ सप्टेंबर १९७१ रोजी या संघाने झेवियर विद्यापीठाला अगदी शेवटच्या चालीवर १५-१३ असे हरवले. त्या हंगामातील दहांपैकी आठ सामने मात्र त्याने गमावले.

एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून दुसऱ्यात काहीही संक्रमित होत नाही, तरीही दुसरा पहिल्यामुळेच पेटतो, हा नागसेनाचाच दृष्टान्त येथे रथापेक्षा अधिक उपयोगी पडतो. पण त्यातही एक उणीव राहते, ती अशी की ज्योतीला निवड नसते. १९७१च्या मुलांना ती होती. जे कधी भेटलेही नव्हते त्यांचा गणवेश अंगावर घेताना त्यांनी पूर्वजांविषयीच्या ऋणासारखे, परंतु वंशाने न लाभलेले ऋण स्वीकारले. संघाचे एकत्व द्रव्यात शोधले तर सापडत नाही. ते या स्वीकारलेल्या कर्तव्यात आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरते.

केवळ स्मृतीलाही या एकत्वाचा आधार मानता येत नाही. दरवर्षी १४ नोव्हेंबरच्या स्मरणसोहळ्यात विद्यापीठाच्या आवारातील स्मारक-कारंज्याचे पाणी बंद केले जाते आणि ते वसंत ऋतूपर्यंत बंदच राहते. तेथे जमणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही अपघाताची स्वतःची आठवण असणे शक्य नाही. १९९२ साली आपल्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे बहुतेक खेळाडूही अपघाताच्या सुमारास किंवा त्यानंतर जन्मलेले होते.

कर्तव्याच्या स्वीकारावर एकत्व अवलंबून ठेवले तर कोणीही उठून वारसा सांगेल, असा आक्षेप यावर येऊ शकतो. त्याचे उत्तर असे की ऋण सोयीचे तेवढेच निवडून घेता येत नाही: १७-१४ चा पराभव, १९७१चे आठ पराभव आणि अनोळखी राहिलेले सहा मृत यांचाही भार त्यात येतो, आणि विजेतेपद आपले म्हणून हा भार नाकारणारा संघ मार्शलच्याच मैदानावर खेळत असला तरी या अर्थाने दुसराच ठरेल.